नावलीच्या आडाचं पाणी

"ताई, आज एक बाटली माझ्यासाठी भराल का?"

कोंडीमामांनी विचारलं तेव्हा मी बर्फाच्या पेटीत रिकाम्या बाटल्या लावत होते. मला वाटलं, त्यांना पाणी तपासून हवंय. धरणाच्या काठावरच्या लोकांना अधूनमधून अशी हुक्की यायची. कुणी घरचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणायचं आणि सांगायचं, बघा जरा यात काय काय आहे.

"कुठलं तपासायचंय?"

"तपासायचं न्हाई. प्यायचंय."

मी मान वर केली. मामा होडीच्या टोकाशी उभे होते. इंजिनाची दोरी हातात होती, पण ती ओढत नव्हते. एरवी मी पेटी होडीत ठेवायच्या आत त्यांचं इंजिन धडधडायला लागलेलं असायचं आणि वर 'तुम्हा शिकलेल्या लोकांना उजाडतंच उशिरा' असा टोमणाही यायचा. त्या दिवशी टोमणा आला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन सहा-सात महिने झाले होते. विद्यापीठाच्या एका प्रकल्पात क्षेत्र सहायक म्हणून लागले होते. काम सोपं होतं. दर पंधरवड्याला कोंडीमामांच्या होडीतून धरणाच्या पाण्यावर ठरलेल्या जागी जायचं, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढायचं, त्याचं तापमान आणि त्यातला प्राणवायू मोजायचा, बाटल्या भरायच्या आणि बर्फ वितळायच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या. हिवाळ्यात माझे वडील गेले होते. त्यानंतर मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आई म्हणायची, एकदा रडून घे. मी प्रयत्न केला होता, आलं नाही. हे काम मला बरं वाटायचं, कारण पाणी काही विचारत नसे.

"आईला कालपास्नं पाणी जात न्हाई," मामा म्हणाले. "जात न्हाई म्हंजी, घेतच न्हाई. डॉक्टर म्हनला घरी न्या, आता दवाखान्यात करण्यासारखं काय नाही. घरी आनली. चमचा तोंडाशी नेला की ओठ आवळून घेती. आमची ही, शेवंता, नाक दाबून पाजाय गेली, तर तिला चावली."

"चावली?"

"बोटाला. ह्या वयात दात तीन, पर बरोबर चावली." ते हसले नाहीत. "म्हनती, नावलीच्या आडाचं पाणी आन, मग तोंड उघडीन."

"नावली कुठे आली?"

त्यांनी हनुवटीने पाण्याकडे दाखवलं.

नावली धरणात गेली तेव्हा मामांचा जन्मही झाला नव्हता. त्यांच्या आईचं, ठकूबाईंचं, लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गाव उठलं आणि माळावर पुनर्वसनाची वसाहत झाली. तिथंच मामा जन्मले, तिथंच वाढले. ज्या पाण्यावर त्यांनी आयुष्यभर होडी चालवली, त्याच्या तळाशी त्यांचं गाव होतं, पण ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "आड कुठे होता ते माहीत आहे?"

"मला कसं माहीत असंल? तुमच्या त्या पाटीवर जुना नकाशा हाय न्हवं?"

होता. प्रकल्पासाठी आम्ही धरणाच्या आधीचे नकाशे मिळवले होते आणि ते टॅबमध्ये घातले होते. मी नावलीचं पान उघडलं. घरांचे काळे ठिपके, एक देऊळ, ओढा, आणि घरांच्या वरच्या बाजूला एक बारीक निळं वर्तुळ. विहिरीची खूण. तिचे अक्षांश-रेखांश काढायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"मामा, एक सांगते. आडाचं पाणी आता आडात नाही. सगळं धरणाचंच पाणी आहे. वरचं काय, खालचं काय."

"जागा तर तीच ना?"

"वीस-तीस मीटर इकडेतिकडे होईल. नकाशा जुना आहे."

"मग झालं तर. आड काय पळून जातोय?"

"आणि उन्हाळ्यात तळाचं पाणी चांगलं नसतं. प्राणवायू संपलेला असतो. वास येतो, सडक्या अंड्यासारखा."

"लई वाईट?"

"लई वाईट."

त्यांनी थोडा विचार केला. मग दोरी ओढली. इंजिन सुरू झालं तसं त्या आवाजावर ओरडून म्हणाले, "आधी काढू तरी. वासाचं नंतर बघू."

मी नाही म्हणाले नाही. हो म्हणाले असंही नाही. टॅब मांडीवर घेऊन दिशा सांगत राहिले.

पाणी सपाट होतं. दुपारी वारा सुटायच्या आत आम्हाला परतायचं होतं, कारण वाऱ्यात होडी एका जागी ठरत नाही. मामांनी पायाशी फडक्यात बांधलेली पितळी लोटी ठेवली होती. चिंचेनं घासून लख्ख केलेली. ती होडीच्या हादऱ्यानं घरंगळायची आणि ते पायानं तिला परत जवळ ओढायचे.

"लहानपणची चव आठवत असेल त्यांना," मी म्हणाले. "म्हणजे, लग्नानंतरची. माणसाला शेवटी अशा गोष्टी आठवतात म्हणे."

मामा सुकाणूवर हात ठेवून पुढं बघत होते. "तसं म्हना," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमच्या वडलांच्या तोंडात पानी कुनी घातलं?"

"आयसीयूत होते. आम्ही बाहेर होतो."

"म्हंजी कुनीच न्हाई."

"नाही."

"नर्सनं तरी?"

"नळी होती तोंडात, मामा. जागाच नव्हती."

त्यांनी मान डोलावली.  मी टॅबवर आमच्या होडीचा निळा ठिपका वर्तुळाकडे सरकताना पाहत राहिले. तो वर्तुळात शिरला तेव्हा मी हात वर केला आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. चारी बाजूंना पाणी. लांब डोंगराच्या कडेला शेळ्या दिसत होत्या.

"हितं?" मामांनी होडीच्या काठावरून खाली वाकून पाहिलं. पाणी हिरवट होतं, हातभर खालचंही दिसत नव्हतं. तरी ते बराच वेळ वाकून राहिले.

आमचं नमुना काढायचं यंत्र म्हणजे दोन्ही टोकांना उघडी असलेली एक जाड नळी. दोरीवर मीटरच्या खुणा. नळी हव्या त्या खोलीवर सोडायची आणि मग वरून दोरीवरूनच एक पितळी वजन खाली सोडायचं. ते सरसर घसरत जाऊन नळीच्या खिट्टीवर आपटतं, तशी दोन्ही टोकांची झाकणं फटकन मिटतात आणि त्या खोलीचं पाणी आत अडकतं. मामा त्या वजनाला पोस्टमन म्हणायचे. बोट दोरीवर ठेवलं की झाकणं मिटल्याचा हलका झटका कळतो. तेव्हा ते म्हणायचे, पत्र पोचलं.

मी नळी सोडली. खोली तीस मीटरच्या वर होती. पहिल्या खेपेला मला तळ कळलाच नाही, नळी गाळात रुतली. वर आली ती काळ्या चिखलानं भरून. मामांनी नाक मुरडलं नाही. बोट घालून चिखल पाहिला आणि म्हणाले, "माती हाय." जणू तिथं आणखी काही असायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला मी मीटरभर वर थांबले. पोस्टमन सोडला. झटका आला. नळी वर ओढली, दांडीला अडकवली, तोटी उघडली आणि मामांनी पुढं केलेली लोटी हातात घेऊन तीत पाणी घेतलं. लोटी हिंदकळवली आणि पाणी धरणात ओतून दिलं.

"अहो! सांडताय काय!"

मामा असे ओरडले की होडी हलली. त्यांनी माझ्या हातातून लोटी हिसकावून घेतली. माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. कुठल्याही भांड्यात नमुना भरायच्या आधी ते भांडं त्याच पाण्यानं तीनदा विसळून टाकायचं असतं. हात आपोआप तसे चालतात. शेकडो वेळा केलेलं असतं.

"सवय आहे, मामा. भांडं विसळलं."

"भांडं घासून आनलंय मी! घरच्या म्हशीचं दूध काढाय लावलं तर तुमी पैली धार तळ्यात सोडाल."

"नळीत अजून आहे."

"मग द्या की."

दिलं. लोटी काठोकाठ भरली. मग वास आला.

मी त्यांना सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. मामांनी लोटी नाकाशी नेली आणि पटकन लांब धरली. पाणी गार होतं, लोटीला बाहेरून दव धरलं होतं. रंग किंचित पिवळट. ते लोटीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो, कारण त्यावर काहीच नव्हतं.

"हे कसं पाजू?" ते म्हणाले.

"वरचं घ्या. हातानं घ्या, इथलंच. जागा तीच आहे."

"खालचं नको?"

"ते तुम्ही ठरवा."

 मी विचार करू लागले. मला दुःख कळत नव्हतं त्या वर्षी, पण हायड्रोजन सल्फाइड कळत होता. तो वास त्याचाच, आणि तो वायू आहे. पाण्यात विरघळलेला असतो, हवा मिळाली की उडून जातो. उरतं ते विरघळलेलं लोह. हवेनं त्याचा गंज होतो आणि तो गाळून काढता येतो.

"दुसरं भांडं आहे?"

डब्याचं झाकण होतं, पण ते लहान पडलं. मग माझ्या पेटीतलं मोठं काचेचं भांडं काढलं. मामांनी लोटीतलं पाणी उंचावरून त्यात ओतलं, मी भांड्यातलं परत लोटीत. चहावाला चहा वरखाली करतो तसं. दोघं समोरासमोर बसून पाणी इकडून तिकडे करत राहिलो. एकही थेंब बाहेर जाऊ नये म्हणून मामा जीभ दातांत धरून ओतत होते. वाऱ्याची पहिली झुळूक आली तशी होडी हळूहळू फिरायला लागली. वर्तुळ मागे राहिलं होतं. आता त्यानं फरक पडत नव्हता.

मामांचा फोन वाजला. पाण्यावर रेंज कधी मिळते, कधी नाही. त्यांनी स्पीकरवर घेतला, कारण हात ओले होते.

"कुटं हाईसा?" शेवंतामामींचा आवाज. "छातीत घरघर लागलीया. जनाक्का म्हनती, मानसं बोलवा."

"तोंड उघडलं?"

"न्हाई. दोनदा तुमचं नाव घेटलं. मी म्हनलं पानी घ्या आत्ती, तर मान फिरवली भितीकडं. या लवकर. नुस्तं या."

फोन तुटला. मामांनी माझ्याकडं पाहिलं. वास बराचसा गेला होता, पण पाणी आता गढूळ विटकरी झालं होतं. माझ्याकडं गाळायचं साधन होतं, हातानं दाबायचा पंप आणि चकत्यांसारखे कागद. ते कागद त्या दिवसाच्या नमुन्यांसाठी होते. मी पाकीट फोडलं. एक कागद लगेच तांबडा होऊन तुंबला, दुसरा लावला, तिसरा लावला. थेंब थेंब पडत होता. मामा एका हातानं इंजिन चालवत होते आणि मान वळवून वळवून लोटीकडे बघत होते.

"बाकीच्या जागा ऱ्हायल्या तुमच्या."

"उद्या करू."

"तुमच्या प्रकल्पाच्या मॅडम बोलतील."

"बोलू देत."

मला त्याचंही काही वाटलं नाही. काठाला लागलो तेव्हा लोटीत अर्ध्याहून थोडं जास्त पाणी होतं. स्वच्छ, बिनवासाचं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं त्यात आता नावलीचं काही उरलं असेल असं मी म्हणू शकले नसते. आधीही म्हणू शकले नसते.

वसाहत माळावर होती. पत्र्याची, सिमेंटची घरं, एका रांगेत. मामांचं घर अगदी खालच्या टोकाला. दारात चपलांचा ढीग. आत खाटेवर ठकूआजी, भिंतीकडं तोंड करून. खाटेच्या पायाशी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, त्याच जनाक्का. नावलीतून उठून आलेल्यांपैकी त्या दोघीच उरल्या होत्या. शेवंतामामींच्या बोटाला खरंच चिंधी बांधलेली होती.

"आये," मामा खाटेजवळ वाकले. "आनलं."

काही झालं नाही. नुसती घरघर.

"आये, नावलीचं आनलं. आडाचं. ह्या ताईंनी काढलं."

भिंतीकडचं डोकं हळूच वळलं. डोळे उघडे होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त उघडे होते.

"आडाचं कशावरनं?" आजी म्हणाली. आवाज म्हणजे नुसती हवा, पण शब्द स्पष्ट होते.

"नकाशा बघून काढलं," मामा म्हणाले. "सरकारी नकाशा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. नकाशा सरकारी होता, एवढं खरं होतं.

"कुनाची गं ही?" जनाक्कांनी विचारलं.

"साताऱ्याची," मी म्हणाले. "इनामदार."

जनाक्कांनी मामांकडं पाहिलं. मामांनी लोटी माझ्या हातात दिली. "तुमीच घाला ताई. तुमी काढलंय."

मी कधी कुणाच्या तोंडात असं पाणी घातलं नव्हतं. देवळात तीर्थ देतात तसं असेल, असं वाटलं. खाटेशी उभी राहिले, वाकले आणि लोटी तिच्या तोंडावर तिरकी केली. धार पडायच्या आत आजीनं ओठ घट्ट मिटून घेतले. मामींनी सांगितलं होतं तसे. पाण्याचे दोन थेंब तिच्या गालावर पडले आणि मानेकडे ओघळले.

"आये, अगं घे की आता," मामा म्हणाले.  "हेच पायजे हुतं न्हवं? घे की!"

आजीनं हात वर केला.  तिनं लोटीच्या काठाला बोट लावलं आणि लोटी खाली ओढली.

"वरनं नगं," ती म्हणाली. "तोंड लावून."

मी मामांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

"बस खाली," जनाक्का मला म्हणाल्या. "खाटंवर बस. तिचं डोस्कं उचल आन् भांडं लाव तोंडाला. वरनं वतलेलं ती पित न्हाई. कंदी प्याली न्हाई."

मी खाटेवर बसले. तिच्या मानेखाली हात घातला. डोकं फार हलकं होतं, केसांना खोबरेल तेलाचा वास होता. लोटीचा काठ तिच्या खालच्या ओठाला लावला. तिनं दोन्ही हात लोटीभोवती धरले, माझ्या हातासकट, आणि प्याली. एक घोट. थांबली. घशातली घरघरही थांबली. मग आणखी एक.

"असं असतंय व्हय," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी म्हणाले, "आजी, चव तीच आहे ना? पूर्वीसारखी?"

 मग जनाक्काच म्हणाल्या, रागानं नाही, लहान मुलाला सांगतात तसं:

"पूर्वीची कुटली, पोरी? आड वरच्या आळीत हुता. आमी कंदी काठाला हात लावला न्हाई. आमचा झिरा वढ्यात, खालच्या अंगाला. उनाळ्यात झिरा आटला की आमी बाया वरच्या आळीत जाऊन हुब्या ऱ्हायचो. कुनाला वाटलं तर वाढायची, वरनं, वंजळीत. मी लई प्याले तसं. ही न्हाई. हिनं कंदी वंजळच केली न्हाई. पोटुशी हुती तवाबी न्हाई. म्हनायची, पीन तर काठावर बसून, भांड्याला तोंड लावून पीन, न्हाईतर नगंच मला. वढा उकरत बसायची उनात. मग पानीच चढलं समद्यावर. आड गेला, काठ गेला."

मामा अजून खालीच बघत होते. होडीत ते म्हणाले होते, तसं म्हना.

आजीनं तिसरा घोट घेतला. या वेळी तो लगेच गिळला नाही, तोंडात घोळवला. डोळे छताच्या पत्र्याकडं. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. माझा हात तिच्या मानेखाली होता आणि गिळताना तिच्या गळ्याची हालचाल मला हाताला कळत होती.

"पान्यावानी पानी हाय की गं, जने," ती म्हणाली.

"मग काय दूध असनार हाय का?" जनाक्का म्हणाल्या.

"न्हवं. पान्यावानी पानी." तिची नजर जनाक्कांवरून माझ्यावर आली. "मग येवढं कशापायी?"

ती उत्तराची वाट बघत होती. खरंच बघत होती, कारण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मी एम.एस्सी. होते, इनामदारांची होते, नकाशा माझ्याकडं होता. 

आजीनंच मग लोटी बाजूला सारली. तीत अजून पाणी होतं. तिनं ओठ चाटले.

"शेवंते," ती म्हणाली, "माठातलं दे. तान लागलीया."

मामी धावल्या. मोठा स्टीलचा पेला भरून आणला. मी तो तिच्या ओठाला लावला, आणि कालपासून एक थेंब न घेतलेल्या त्या बाईनं घटाघट, मध्ये श्वास न घेता, सगळा पेला संपवला आणि पुन्हा पुढं केला.